पैसा, कागद आणि ताबा



स्मृतिव्याख्यानाचा विषय भारदस्त असावा अशी आपली समजूत असते. आज आपण घर विकत घेण्याच्या आणि घराचा मालक होण्याच्या गमती पाहणार आहोत, आणि तरीही हा विषय भारदस्तच आहे असं माझं म्हणणं आहे. माणूस आयुष्यात सगळ्यांत मोठी रक्कम कशावर खर्च करतो? घरावर. सगळ्यांत जास्त सह्या कुठे करतो? घराच्या कागदांवर. सगळ्यांत जास्त सल्ले कशाबद्दल ऐकतो? घराबद्दल, आणि तेही न मागता. जिथे इतका पैसा, इतक्या सह्या आणि इतके सल्ले गुंतले आहेत तिथे माणसं इतकी हसतात का, हा प्रश्न विचारायलाच हवा. ‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ असं सांगणारा माणूस ते हसतच सांगतो. सोनं घेतल्याचे किस्से कुणी रंगवून सांगत नाही. सराफाच्या पेढीवर पैसे दिले, पावती घेतली, डबी पिशवीत टाकली, संपलं. पैसा देणं, कागद होणं आणि ताबा मिळणं ही तिन्ही कामं तिथे एका बैठकीत उरकतात. घराच्या बाबतीत ही तिघं एका दिवशी एकत्र येत नाहीत. आधी पैसा जातो, कागद मागून येतो, ताबा त्याच्याही मागून. कधी ताबा असतो आणि कागद नसतो. कधी कागद हातात असतो आणि घरात दुसराच कुणी राहत असतो. घराविषयीचं आपलं सगळं हसू या तिघांच्या मधल्या फटीत जन्माला आलेलं आहे, हा आजच्या व्याख्यानाचा मुद्दा. फटीची जागा शतकानुशतकं बदलत गेली. ती कुठून कुठे सरकली ते किश्शांवरून जितकं स्पष्ट कळतं तितकं कायद्याच्या पुस्तकांवरून कळत नाही.

सुरुवात सशापासून करू. केंपेगौडा शिकारीला गेले असताना एका सशाने त्यांच्या शिकारी कुत्र्याचा पाठलाग केला. ही भूमी वीरांची आहे असं त्यांना वाटलं आणि १५३७ साली त्यांनी इथे शहर वसवलं, अशी बंगळुरूची आख्यायिका आहे. पुण्यात हीच गोष्ट पहिल्या बाजीरावांबद्दल सांगतात. ससा कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला म्हणून शनिवारवाड्याची जागा ठरली. विजयनगरच्या हरिहर-बुक्कांबद्दल हीच गोष्ट, अहमदाबादच्या अहमदशहाबद्दलही हीच. एका सशाने चार राजधान्या वसवल्या! आता कुणी म्हणेल की ही लोककथा आहे, इतिहासाच्या व्याख्यानात तिचं काय काम? घटना म्हणून मी ती मांडतच नाही. मला विचारायचं आहे ते एवढंच की चार वेगवेगळ्या ठिकाणच्या, वेगवेगळ्या भाषांच्या माणसांना हीच कथा का हवीशी वाटली? जमिनीचा तुकडा स्वतःहून काही बोलत नाही. शेजारचा तुकडा सोडून हाच का घ्यायचा याला पाण्याची सोय, वाटा, बाजार अशी कारणं असतात, पण एवढ्यावर माणसाचं मन भरत नाही. आपण निवडलेली जागा इतर जागांसारखी नाही असं त्याला कुणीतरी सांगावं लागतं. म्हणजे पैशाच्याही आधी गोष्ट येते. आज माहितीपत्रकात तलावाचं दर्शन, भावी मेट्रो आणि विमानतळापर्यंतची मिनिटं छापलेली असतात. ती वाचून भुलणाऱ्याला आपण भोळा म्हणतो, पण राज्य स्थापणाऱ्या माणसांनाही गोष्ट हवीच होती.

आता मोठ्या व्यवहाराकडे येतो. बंगळुरूत जागेचे भाव ऐकून डोळे पांढरे होतात. पण हे अख्खं शहर एकदा तीन लाख रुपयांना विकलं गेलं आहे, आणि विकायला काढणारे मराठी होते. ही हकीकत या शहरातल्या प्रत्येक मराठी माणसाला तोंडपाठ असायला हवी असं मला मनापासून वाटतं. १६३८ च्या सुमारास विजापूरचा सरदार रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी तिसऱ्या केंपेगौडाकडून बंगळुरू घेतलं, आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. जहागीर म्हणजे काय? राहायचं, वसूल गोळा करायचा, फौज ठेवायची, पण मालक विजापूरचा आदिलशहा. म्हणजे व्यवहाराच्या पहिल्याच पायरीवर मालकी एकीकडे आणि ताबा दुसरीकडे. १६६४ साली शहाजीराजे होदिगेरेला वारले. इथला कारभार धाकटे पुत्र व्यंकोजीराजे पाहत होते. पुढे आदिलशहाने त्यांना तंजावरच्या नायकाला गादीवर बसवण्यासाठी पाठवलं, आणि त्या गादीवर ते स्वतःच बसले. तिथे त्यांचं बस्तान बसलं आणि बंगळुरू मागे राहिलं. मालक एका गावी, मालमत्ता दुसऱ्या गावी. अशा मालमत्तेकडे किती जणांचं लक्ष असतं ते या सभागृहातल्या पुष्कळांना ठाऊक असेल.

१६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर आले. राज्यविस्तार, विजापूर-गोवळकोंड्याचं राजकारण असे त्या मोहिमेचे अनेक हेतू इतिहासकार सांगतात. त्यात एक हेतू प्रत्येक मराठी घराला ओळखीचा आहे: वडिलार्जित मालमत्तेतला वाटा. शहाजीराजांची जहागीर सगळी धाकट्याकडे का? अर्धी माझी, असं महाराजांचं म्हणणं. कावेरीच्या प्रदेशात तिरुमलवाडीला भाऊ भेटले, बोलणी लांबली, आणि एका रात्री व्यंकोजीराजे छावणीतून निघून गेले. पुढे महाराजांनी कर्नाटकातला मुलूख ताब्यात घेतला, आणि भावाभावांत समेट घडवला तो व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांनी. तहात एक कलम आहे ते माझं अत्यंत आवडतं आहे. बंगळुरू आणि आजूबाजूचा दोन लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख महाराजांनी दीपाबाईंना चोळी-बांगडीसाठी दिला. थोरल्या दिराने भावजयीला चोळी-बांगडी म्हणून बंगळुरू दिलं! भाऊबंदकीच्या इतिहासात इतकं देखणं पाऊल दुसरं शोधून सापडणार नाही. वाटा मागायला आलेल्या माणसाने मुलूख जिंकला, आणि ज्या बाईने घर मोडू दिलं नाही तिच्या पदरात तो घातला.

यानंतर जेमतेम नऊ-दहा वर्षांत तंजावरकर भोसल्यांनी बंगळुरू विकायला काढलं. इतक्या दुरून राखणं परवडेना. गिऱ्हाईक होते म्हैसूरचे चिक्कदेवराज वडियार. भाव ठरला तीन लाख रुपये. दीपाबाईंची सही घ्यायला नको का, असा प्रश्न आपल्यातल्या वकिलांच्या मनात आलाच असेल, आणि तो रास्त आहे. पण सह्यांपर्यंत गाडी पोहोचलीच नाही. बोलणी चालू असतानाच, जुलै १६८७ मध्ये, औरंगजेबाचा सरदार कासिमखान आला आणि त्याने शहर घेतलं. बातमी ऐकून निघालेल्या मराठी फौजेला पोहोचायला उशीर झाला. आता विकणारा तंजावरला, घेणारा म्हैसूरला, आणि ताबा तिसऱ्याकडे. कासिमखानाने काय करावं? त्याने शहर चिक्कदेवराजांनाच दिलं, आणि तेही त्याच तीन लाखांना. घेणाऱ्याला माल मिळाला, ठरलेल्या भावात मिळाला. फक्त पैसे दुसऱ्याच्या हातात गेले. आजच्या बंगळुरूत तीन लाखांत मोटार उभी करायची जागा मिळाली तर नशीब समजायचं, हे सांगून लोक हसतात. मला हसू येतं ते दुसऱ्या गोष्टीचं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या सौद्यात ताबा ज्याचा, पैसा त्याचा हा नियम इतका उघडा पडला आहे की मालमत्तेच्या कायद्याचं शिक्षण द्यायचं तर पहिला धडा हाच असावा.

इथे एक आक्षेप येतो आणि तो महत्त्वाचा आहे. हे राजेरजवाड्यांचं झालं, साध्या माणसाचं घर पूर्वी किती सोपं होतं, शब्दावर व्यवहार होत होते, असं आपण सगळेच म्हणतो. खरंच सोपं होतं का? मराठी मुलखात वतनाचा, घरजागेचा किंवा शेताच्या बांधाचा तंटा झाला की गोत बसायचं. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, आजूबाजूच्या गावचे लोक जमायचे, साक्षी व्हायच्या आणि निवाड्याचा महजर लिहिला जायचा. लिहिता न येणारे आपापली निशाणी करायचे. कुणब्याची निशाणी नांगर, सुताराचं किंकरं, ज्याचं जे हत्यार ते. इतक्यानेही तंटा मिटला नाही तर दिव्य. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात बांधून मोहर लावायची आणि काही दिवसांनी सोडून पाहायचं. हात भाजला नसेल तर वतन तुमचं. आज सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत अर्धा दिवस ताटकळावं लागतं म्हणून आपण कुरकुरतो. पण तिथे बोटांना लागते ती फक्त शाई, आणि शाईचा हा शोध मानवजातीच्या मोठ्या शोधांपैकी एक आहे असं मी मानतो.

आणि मोठ्यांना तरी परवानगीची कटकट चुकली होती का? शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली, खर्च १६,११० रुपये. दोन वर्षांत वाडा उभा राहिला हे ऐकून आजच्या गिऱ्हाइकाला भरून येईल. पण वाड्याच्या तटाकडे नीट पाहा. खाली दगड आहे आणि वर वीट. याचं कारण परंपरा असं सांगते की दगडी तटाची वास्तू बांधण्याचा मान छत्रपतींचा, पेशव्यांनी तशी बांधू नये असा साताऱ्याहून आक्षेप आला, आणि चालू काम विटांनी पुरं करावं लागलं. अटकेकडे घोडदौड करणाऱ्या घराण्यालाही अर्ध्यावर नकाशा बदलावा लागला! पूर्वी सोपं होतं हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. आपल्या आजोबांनी घर सहज बांधलं असं आपल्याला वाटतं, कारण त्यांनी ते बांधताना काय सोसलं ते आपण पाहिलेलं नसतं. आपल्यापर्यंत वास्तुशांतीचं जेवण पोहोचलेलं असतं.

मालकाकडून आता भाडेकरूकडे वळू. बंगळुरूच्या छावणीत १८९६ साली एक तरुण लष्करी अधिकारी आला, आणि आणखी दोघा अधिकाऱ्यांसोबत त्याने एक बंगला घेतला. गुलाबी-पांढऱ्या गिलाव्याचा बंगला, भोवती गुलाबांची बाग, वाचायला भरपूर वेळ. त्याने फुलपाखरांचा संग्रह केला आणि तो उंदराने फस्त केला. शहर सोडताना क्लबाचं तेरा रुपये देणं राहिलं. १८९९ च्या नोंदीत ते वसूल न होणाऱ्या बाकीत दाखवलेलं आहे, आणि बंगळुरू क्लबात ती नोंद आजही कौतुकाने दाखवतात. हा भाडेकरू म्हणजे विन्स्टन चर्चिल. आता २०२३ ची एक बातमी आठवा. याच शहरात एका होतकरू भाडेकरूला नकार मिळाला, कारण मालकाची अपेक्षा बारावीत ९० टक्क्यांची होती आणि त्याला तेवढे गुण नव्हते. चर्चिलला सँडहर्स्टच्या लष्करी शाळेत प्रवेश मिळाला तो तिसऱ्या प्रयत्नात. तीन जणांत भागीने राहणारा, उधारी ठेवणारा, परीक्षेत दोनदा नापास झालेला हा तरुण आजच्या इंदिरानगरात फ्लॅट शोधत फिरला असता तर त्याला कुणी दारात उभं केलं असतं का? अशा चाळणीने माणसाची पारख होत नाही, हे सांगायला याहून मोठा पुरावा काय हवा?

या शहरातली भाड्याची रीत बाहेरून आलेल्या मराठी माणसाला गोंधळात टाकते. दहा महिन्यांचं भाडं आगाऊ अनामत ठेवायचं हा इथला जुना रिवाज, आणि २०२१ चा केंद्राचा आदर्श भाडेकरार कायदा सांगतो की दोन महिन्यांहून जास्त घेऊ नये. दुसरी रीत भोग्याची, जिला इथे सगळे नुसतं ‘लीज’ म्हणतात. मालकाला काही लाख एकरकमी द्यायचे, दोन-तीन वर्षं एक पैसा भाडं न देता राहायचं आणि जाताना रक्कम जशीच्या तशी परत घ्यायची. मालकाला बिनव्याजी भांडवल, भाडेकरूला बिनभाड्याचं घर, दोघंही खूष. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर पगडीची पद्धत फोफावली. तिथे एकदा पगडी दिली की भाडेकरू जवळजवळ मालक होतो, आणि खोली पुढे देताना मूळ मालकाला ठरावीक हिस्सा मिळतो. मुंबईत भाडेकरू मालकासारखा वागतो, बंगळुरूत मालक कर्जदारासारखा. दोन्ही ठिकाणी माणसांनी काय केलं? पैसा, कागद आणि ताबा यांच्यातली फट कायद्याला बुजवता आली नाही म्हणून लोकांनी आपल्या अकलेने त्यावर फळी टाकली. फळी कधी मोडते. भोग्यावर दिलेलं घर मालकाने आधीच बँकेकडे गहाण ठेवलेलं निघतं, बँकेची नोटीस दारावर लागते, आणि भाडेकरूची आयुष्यभराची बचत अडकते.

चर्चिल राहत होता तेव्हाचे उंदीर फुलपाखरांवर भागले. १८९८ साली प्लेग आला, आणि दाटीवाटीच्या पेठेतून माणसं बाहेर काढण्याची निकड पटली. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी, ज्यांच्या घरांकडे आज आपण हेव्याने पाहतो, त्या वस्त्या प्लेगामुळे वाढल्या. मल्लेश्वरमला नाव देणाऱ्या काडु मल्लेश्वराच्या देवळाला १६६९ साली व्यंकोजीराजांनी गाव इनाम दिल्याचा शिलालेख तिथे आहे, तेव्हा तिथून जाताना थांबून पाहावा. फ्रेझर टाउन तर १९१० च्या सुमारास उंदीर शिरणार नाहीत अशा घरांची वसाहत म्हणून उभं केलं. त्याच काळात, १९०९ साली, बंगळुरूत बिल्डिंग को-ऑपरेटिव्ह सोसायटी नोंदली गेली. भारतातली ती पहिली सहकारी गृहसंस्था म्हणतात. मुंबईकर मात्र गावदेवीच्या सारस्वत सोसायटीचं नाव घेतात, १९१५ ची, श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी उभी केलेली. पहिली कोण यावर दोन्ही शहरांनी जरूर वाद घालावा. मला मोलाचं वाटतं ते हे की एकट्याला न परवडणारी जमीन अनेकांनी मिळून घ्यावी, ही युक्ती या दोन शहरांत सहा वर्षांच्या अंतराने रुजली.

पुढे पैशाची बाजू पालटली. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी घरकर्जाची संस्था काढली तेव्हा ते स्वतः निवृत्त झालेले होते. तोवर नोकरदार मराठी माणूस घर बांधायचा तो भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून, निवृत्तीच्या वयात. एका निवृत्त माणसाने तरुणांना ती वाट खुली करून दिली. पण फटीचं काय झालं? वीस वर्षांचं कर्ज म्हणजे २४० हप्ते. तेवढी वर्षं ताबा तुमच्याकडे, मूळ खरेदीखत बँकेच्या तिजोरीत, आणि पैसा महिन्याच्या महिन्याला वाटेवर. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला तर ताबाही नाही. म्हणून २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचं, आपण ज्याला रेरा म्हणतो त्याचं, मी मनापासून स्वागत करतो. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ताब्याला उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं. महाराष्ट्राने १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्यात असाच प्रयत्न केला होता, तेव्हा मर्यादा २० टक्के होती. पैसा आणि ताबा यांच्यातल्या काळाची किंमत कायद्याने मोजली. याला आपल्याकडे इतकी दशकं लागली.

कागदाची फट मात्र अजून उघडी आहे. आपण सब-रजिस्ट्रारकडे जातो, मुद्रांक भरतो, फोटो काढतो, आणि समजतो की सरकारने आपल्याला मालक ठरवलं. सरकारने ठरवलेलं नसतं. १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली दस्ताची नोंद होते. विकणारा खरोखर मालक होता की नाही याची हमी त्यात नाही. मग बंगळुरूकर खात्याकडे धावतो. खाता म्हणजे कर कुणी भरायचा याची पालिकेची नोंद, मालकीचा पुरावा तोही नव्हे. त्यातही ए खाता आणि बी खाता. नियमात न बसणाऱ्या घरांकडूनही कर वसूल व्हावा म्हणून बी ची वेगळी वही आली. म्हणजे कर घ्यायला आलेल्या पालिकेला ते घर दिसतं, आणि नकाशा मंजूर करायच्या वेळी दिसत नाही. लग्नाच्या स्थळाची चौकशी करताना ‘घर ए खाता आहे ना?’ असं विचारलं जातं हे ऐकून परगावचे लोक हसतात. त्यांनी हसावं, पण हा प्रश्न विचारणारी मुलीची आई व्यवहार जाणणारी बाई आहे.

यावर कुणी संतापून म्हणेल, आणि त्याने म्हणावंच, की ज्यांची घरं गेली त्यांच्या दुःखावर तुम्ही हसता आहात. २०१५ साली सारक्की तलावाच्या जागेतली घरं पाडली गेली. त्यांत राहणाऱ्यांकडे दस्त होते, कर भरल्याच्या पावत्या होत्या, विजेची बिलं होती. एकाही कार्यालयाने त्यांना खाली तलाव आहे असं सांगितलं नव्हतं. त्या माणसांना हसणारा माणूस निर्दय असेल. मी हसायला सांगतो आहे ते त्या वह्यांना, ज्यांपैकी एकीत तलाव होता, दुसरीत भूखंड होता, आणि दोन्ही वह्या एकाच सरकारच्या होत्या. तसंच घर भाड्याने देताना आडनाव विचारून जात किंवा धर्म हुडकणाऱ्या मालकाच्या प्रश्नात मला विनोद दिसत नाही, तिथे हसू थांबलंच पाहिजे. घराच्या किश्शांत हसायचं कुणाला आणि कुणाला नाही हे नीट ओळखलं तर त्या किश्शांना धार येते. गिऱ्हाइकाच्या फजितीवर हसून आपण मोकळे होतो, म्हणून वह्या तशाच राहतात. आणि असं समजू नका की कागद बळकट असलेला मोठा माणूस यातून सुटतो. बंगळुरू पॅलेसची मूळ वास्तू रेव्हरंड गॅरेट या शाळाप्रमुखाची. १८७३ साली म्हैसूरच्या अल्पवयीन महाराजांच्या ब्रिटिश पालकांनी ती चाळीस हजार रुपयांना घेतली. १९९६ साली राज्याने कायदा करून ४७२ एकरांची ती मालमत्ता अकरा कोटींना ताब्यात घ्यायचं ठरवलं, आणि तेव्हापासून राजघराणं आणि सरकार न्यायालयात आहेत. राजवाड्याचीसुद्धा ही स्थिती, तर तीस बाय चाळीसच्या साइटचं काय घेऊन बसलात?

मग उपाय काय? जमिनीच्या मालकीची हमी शासनाने घ्यावी, नोंद चुकली तर भरपाई शासनाने द्यावी, ही मागणी आपल्याकडे जुनी आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. त्याला खर्च येईल, वाद उघडे पडतील, असं सांगतात. येईल खर्च. वाद आजही आहेत, फक्त ते एकेका कुटुंबाने स्वतःच्या पैशाने लढायचे आहेत. २०२४ पासून इथे ई-खात्याची मोहीम चालली आहे, तिने नोंदी संगणकावर आल्या हे चांगलंच झालं, पण चुकीची नोंद संगणकावर आली तरी चुकीचीच राहते. ती हमी येईपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे. जुन्या महजरावर शेजाऱ्यांच्या निशाण्या होत्या. शेजारी साक्षी होता म्हणून मालक मालक होता. आज आपण फ्लॅटमध्ये राहतो तेव्हा आपल्या मालकीची म्हणून भिंतींमधली जागा असते, आणि खालच्या जमिनीत सगळ्यांबरोबरचा अविभक्त हिस्सा असतो. शंभर कुटुंबं एकमेकांची सहमालक असतात आणि लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलत नाहीत. महाराष्ट्रात जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी अभिहस्तांतरण आहे, बांधणारा करून देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे, आणि तरीही असंख्य इमारतींचं ते झालेलं नाही. कर्नाटकात १९७२ चा अपार्टमेंट मालकी कायदा आहे, पण पुष्कळ संघ नोंदलेले आहेत ते साध्या संस्था नोंदणी कायद्याखाली, आणि जमीन कुणाच्या नावावर आहे हे कुणी पाहिलेलं नाही. तेव्हा आज घरी गेलात की आपल्या खरेदीखताची प्रत बाहेर काढा. जमिनीतल्या तुमच्या हिश्शाचा आकडा त्यात लिहिलेला आहे का ते बघा. तुमचा संघ कोणत्या कायद्याखाली नोंदलेला आहे ते विचारा. जमीन अजून बांधणाऱ्याच्याच नावावर असेल, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत रंगकामाच्या वर्गणीच्या आधी पहिला विषय तोच घ्या.